स्थानिक कलांसाठी सार्वजनिक निधी : स्थैर्याच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

कला आणि संस्कृती यांसाठी शासनाने पैसा खर्च करावा की नाही, हा वाद महाराष्ट्रात आता फारसा उरलेला नाही. राज्यस्थापनेपासून आलेल्या प्रत्येक सरकारने नाट्यस्पर्धा, साहित्य संमेलने, सार्वजनिक ग्रंथालये, लोककला महोत्सव आणि वयोवृद्ध कलावंतांचे मानधन या बाबींवर कमीअधिक खर्च केला आहे, आणि हा खर्च थांबवावा अशी मागणी कोणत्याही प्रमुख पक्षाने गांभीर्याने केल्याचे दिसत नाही. वाद आहे तो या पैशाच्या भरवशाचा. अर्थसंकल्पात जाहीर झालेली रक्कम त्या वर्षात पूर्ण मिळेलच असे नाही. मिळाली तरी ती कलेच्या हंगामात हाती पडेल याची खात्री नसते. आणि एका वर्षी मिळाली म्हणून पुढच्या वर्षी तीच योजना त्याच निकषांवर चालू राहील, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या लेखात ‘सार्वजनिक निधी’ हा शब्द केंद्र, राज्य आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या तिजोरीतून येणाऱ्या पैशासाठी वापरला आहे. ‘स्थिर’ म्हणजे ज्याची रक्कम आणि वेळ घेणाऱ्याला आधी ठाऊक असते आणि ज्याचे नियम मंत्री किंवा अधिकारी बदलले म्हणून बदलत नाहीत, असा निधी. ‘स्थानिक कला’ या संज्ञेत तालुक्याच्या गावातील हौशी नाट्यसंस्था, तमाशाचा फड, दशावतारी मंडळी, खडी गंमत, भजनी मंडळ आणि गावचे वाचनालय या सर्वांचा समावेश होतो. या सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही, ही या विषयातील पहिली अडचण आहे.

पार्श्वभूमी : राजाश्रय, लोकाश्रय, शासनाश्रय

मराठी कलांचा आर्थिक इतिहास सामान्यतः राजाश्रयापासून सांगितला जातो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले, कुस्तीला खासबाग दिली आणि गायक-नटांना जवळ केले. मात्र संस्थानी आश्रय ही या इतिहासाची एक बाजू झाली. १८८० नंतर किर्लोस्कर मंडळी आणि तिच्यामागून आलेल्या कंपन्या तिकीटविक्रीवर उभ्या राहिल्या आणि बोलपटाच्या आगमनानंतर त्याच तिकीटविक्रीच्या अभावी बसल्या. गावपातळीवर तर राजाचा संबंध क्वचितच येई. तिथे यात्रेची वर्गणी, देवस्थानचा खर्च आणि मानकऱ्यांची देणगी यांवर कला चालत असे. दक्षिण कोकणातील दशावतार अजूनही बऱ्याच अंशी देवळांच्या वार्षिक जत्रांवर उभा आहे, कारण कोणत्या गावच्या जत्रेत कोणत्या मंडळीने नाटक करायचे याचे परंपरागत संकेत ठरलेले आहेत. आजच्या परिभाषेत बोलायचे तर हा एक प्रकारचा दीर्घ मुदतीचा करार आहे, आणि शासनाच्या कोणत्याही योजनेपेक्षा तो जुना व अधिक भरवशाचा ठरला आहे.

स्वातंत्र्यानंतर शासनाश्रय आला. केंद्राने संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी या स्वायत्त संस्था १९५० च्या दशकात स्थापन केल्या. द्वैभाषिक मुंबई राज्याच्याही आधीच्या काळात सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा पुढे हौशी रंगभूमीचा कणा बनली. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. याच काळात महापालिका आणि नगरपालिकांनी नाट्यगृहे बांधण्यास सुरुवात केली. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये तर ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७० च्या दशकाच्या अखेरीस खुले झाले. चित्रपटासाठी करमणूक कराचा परतावा देण्याची योजना आली, म्हणजे मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला कर निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी परत मिळू लागला. प्रेक्षकाने दिलेला कर त्याच कलेकडे वळवण्याचा हा मराठीतील कदाचित सर्वांत स्पष्ट प्रयोग होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाल्याने अशा परताव्याचा मूळ आधारच गेला. हा कर आणणाऱ्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या राज्यसूचीतील नोंद ६२ बदलून करमणुकीवरील कर लावण्याची मुभा पंचायती व नगरपालिकांपुरती शिल्लक ठेवली. या मुभेचा विचार पुढे येईल.

आजची रचना आणि तिच्यातील फटी

राज्यात आज कलेसाठीचा पैसा अनेक वाटांनी येतो. सांस्कृतिक कार्य संचालनालय स्पर्धा, महोत्सव आणि अनुदाने चालवते. मराठी भाषा विभाग साहित्यसंस्था व संमेलने पाहतो. ग्रंथालये उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील ग्रंथालय संचालनालयाकडे आहेत. नाट्यगृहे बहुतेक नगरपालिका-महापालिकांची आहेत. आणि सभामंडप किंवा सांस्कृतिक भवन यांसाठीचा पैसा जिल्हा नियोजन समिती अथवा आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून येतो. केंद्राच्या योजना वेगळ्या. महाराष्ट्र नागपूर आणि उदयपूर अशा दोन प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रांचा सदस्य आहे, आणि गुरू-शिष्य परंपरेच्या नावाने नाट्य व नृत्य संस्थांना केंद्राचे अनुदान मिळते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता या वाटांपैकी फार थोड्या बंधनकारक आहेत. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत ‘ग्रंथालये’ आणि ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ हे विषय पंचायतींकडे, तर बाराव्या अनुसूचीत ‘सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन’ हा विषय नगरपालिकांकडे सोपवला आहे. मात्र सोपवणे आणि त्यासाठी पैसा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महानगरपालिकांच्या कायद्यात कर्तव्यांचे बंधनकारक आणि स्वेच्छाधीन असे दोन वर्ग केलेले असून पाणीपुरवठा व मलनिस्सारण पहिल्या वर्गात, तर नाट्यगृह व वाचनालय दुसऱ्या वर्गात मोडते. पैशाची ओढाताण झाली की कात्री कुठे लागणार हे या वर्गवारीतच ठरलेले असते. जकात व स्थानिक संस्था कर गेल्यानंतर महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर विसंबू लागल्या, आणि २०२२ नंतर बराच काळ राज्यातील बहुसंख्य महापालिका लोकनियुक्त सभागृहाविना प्रशासकांकडे होत्या, त्यामुळे नाट्यगृहाचे भाडे किंवा दुरुस्ती यांवर सभागृहात चर्चा होण्याचा मार्गही बंद राहिला.

राज्य पातळीवरच्या बहुतेक योजना शासन निर्णयावर, म्हणजे विभागाने काढलेल्या प्रशासकीय आदेशावर चालतात. शासन निर्णय लवकर काढता येतो, गरजेप्रमाणे बदलता येतो, आणि हीच त्याची ताकद आहे. पण जो एका सहीने निघतो तो दुसऱ्या सहीने बदलतो. वयोवृद्ध कलावंतांच्या मानधनाचे उदाहरण बोलके आहे. १९५० च्या दशकापासून चालत आलेल्या या योजनेत कलावंतांचे राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे तीन वर्ग करून अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये दरमहा दिले जात. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देऊन वर्गवारी रद्द झाली आणि सरसकट ५,००० रुपये मानधन ठरले. ही वाढ स्वागतार्हच होती, विशेषतः ‘स्थानिक’ ठरलेल्या कलावंताला सर्वांत कमी देण्याचा जुना क्रम तिने मोडला म्हणून. तरीही पुढील वाढ केव्हा आणि कोणत्या निकषावर होईल, महागाईशी तिचा काही संबंध असेल का, याचे उत्तर योजनेत नाही. जिल्ह्यातून वर्षाला १०० अशी नव्या निवडींची मर्यादा आहे, त्यामुळे पात्र असूनही प्रतीक्षेत राहणारे अनेक असतात.

वेळेचा प्रश्न : तमाशाच्या फडाचे उदाहरण

रकमेइतकाच वेळेचा प्रश्न महत्त्वाचा का आहे, हे तमाशाच्या हंगामाकडे पाहिले की ध्यानात येते. पूर्णवेळ फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातील यात्रांनंतर बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास संपतो. मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबूवाले, चालक, स्वयंपाकी अशी शंभरावर माणसे असतात. हंगाम उभा करण्यासाठी फडमालकाला पावसाळ्यातच कलावंतांना ‘उचल’, म्हणजे वर्षभराच्या कामापोटी आगाऊ रक्कम द्यावी लागते, शिवाय तंबू, गाड्या, ध्वनियंत्रणा यांची डागडुजी करावी लागते. एकही तिकीट विकले जाण्यापूर्वी होणारा हा खर्च फडमालक बहुधा खासगी सावकाराकडून कर्ज काढून भागवतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे येऊन यात्रेची सुपारी देतात, आणि वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या काही आठवड्यांच्या खेळांतून येतो. त्या दिवसांत वळवाचा पाऊस झाला, एखादी निवडणूक किंवा परीक्षा आली, की कर्ज पुढच्या वर्षावर जाते.

शासनाने तमाशा, दशावतार, खडी गंमत, शाहिरी अशा कलांच्या फडांसाठी भांडवली आणि प्रयोग अनुदानाची योजना आखली आहे, आणि तिची कल्पना योग्य आहे: साहित्यासाठी एक रक्कम, आणि खेळांच्या संख्येनुसार दुसरी. अडचण आर्थिक वर्षाची आहे. शासनाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, अर्ज व छाननीत काही महिने जातात, निधी टप्प्याटप्प्याने वितरित होतो आणि बराचसा खर्च मार्चअखेर उरकला जातो. फडाला पैशाची खरी निकड आषाढ-श्रावणात असते. मार्चअखेरीस आलेले अनुदान तोवर चढलेले व्याज भागवण्यात जाते, म्हणजे सार्वजनिक पैसा अप्रत्यक्षपणे सावकाराला पोहोचतो. अनुदानाची रक्कम न वाढवताही केवळ ते जुलैत दिल्याने त्याचे मोल वाढेल, हा लोककलांच्या क्षेत्रातून वारंवार येणारा मुद्दा या दृष्टीने निर्विवाद वाटतो.

करोनाच्या दोन वर्षांत ही रचना पूर्ण उघडी पडली. दोन हंगाम यात्राच भरल्या नाहीत. राज्याने २०२१ मध्ये कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपयांची एकरकमी मदत देण्याचा निर्णय घेतला, परंतु मदत कोणाला द्यायची याची यादीच अनेक ठिकाणी हाताशी नव्हती. ज्यांच्यासाठी दशकानुदशके योजना चालवल्या त्यांची नोंदच नसणे, हे या क्षेत्रातील प्रशासनाचे मोठे अपयश मानावे लागेल.

कायद्याचा आधार : ग्रंथालयांचा अनुभव

स्थैर्यासाठी कायदा करावा ही मागणी होते तेव्हा महाराष्ट्रात एक नमुना आधीपासून उपलब्ध आहे. भारतातील पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला. स्वतंत्र भारतातील पहिला कायदा मद्रासचा, १९४८ चा, त्यामागे एस. आर. रंगनाथन यांची प्रेरणा होती आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लावण्याची तरतूद होती. उपकर म्हणजे विशिष्ट कामासाठीच वापरायचा जादा कर. कर्नाटक आणि केरळ यांनी पुढे हीच वाट धरली. गोव्याने तर मद्य व बिअर यांवरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा करण्याचा मार्ग काढला.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि त्यात उपकर नाही. ग्रंथालय निधी स्थापून त्यात राज्याने दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत, असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात राज्य याच्या कितीतरी पट अधिक खर्च करते, आणि त्या बळावर गावोगावच्या लोकांनी चालवलेली अकरा-बारा हजार अनुदानित ग्रंथालये उभी राहिली, ही देशात क्वचितच कुठे आढळणारी गोष्ट आहे. पण कायद्याने दिलेली हमी मात्र त्या २५ लाखांचीच राहिली. ही रक्कम आजच्या अकरा हजार ग्रंथालयांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतील. म्हणजे वरचा सगळा डोलारा पुन्हा शासन निर्णयांवरच उभा आहे. म्हणूनच अनुदानाचे दर दशकभर गोठलेले राहू शकले, २०१२ च्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे दीर्घकाळ थांबू शकले, आणि २०२२ मध्ये अनुदान एकदम ६० टक्क्यांनी वाढू शकले.

त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गातील, म्हणजे सर्वांत लहान ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपये झाले. महिन्याला हे ४,००० रुपये. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी धरला तर गावचे वाचनालय रोज उघडणाऱ्या, पुस्तकांची नोंद ठेवणाऱ्या, मुलांना बसवून घेणाऱ्या ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २,००० रुपये पडतात. साठ टक्के वाढीनंतरची ही स्थिती आहे. कायदा असणे पुरेसे नसते, कायद्यातील रकमेला महागाईशी किंवा लोकसंख्येशी जोडणारे सूत्र नसेल तर काळ त्या हमीचे मोल खाऊन टाकतो, हा धडा ग्रंथालयांच्या अनुभवातून मिळतो. उपकराच्या राज्यांचा अनुभवही निर्वेध नाही; कर्नाटकात नागरी संस्थांनी गोळा केलेला उपकर ग्रंथालयांकडे वेळेवर वर्ग न केल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत.

वादातील प्रमुख भूमिका

पहिली भूमिका सार्वजनिक निधी अपरिहार्य मानणाऱ्यांची. तिचा अर्थशास्त्रीय पाया विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये मांडला. कारखान्यात यंत्रामुळे कमी माणसांत जास्त उत्पादन होते आणि त्यामुळे वेतन वाढले तरी खर्च सावरता येतो; रंगमंचावरील कलेत मात्र असे घडत नाही, कारण दशावताराला जितकी माणसे आणि जितकी रात्र शंभर वर्षांपूर्वी लागत होती तितकीच आजही लागते, पण त्या माणसांचे वेतन इतर क्षेत्रांबरोबर वाढावे लागते. परिणामी खर्च आणि तिकीटविक्री यांतील दरी वाढत जाते. ती भरून काढणारा कोणी बाहेरचा हवा, आणि कलेचा लाभ तिकीट न काढणाऱ्यालाही मिळत असल्याने तो समाज, म्हणजे शासन असावे, असे हा पक्ष म्हणतो.

दुसरी भूमिका प्रेक्षकांवर भिस्त ठेवणाऱ्यांची आहे. तिचा सर्वांत ठोस पुरावा झाडीपट्टीत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्ताने रात्र-रात्र नाटके होतात, वडसा येथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत, गावातले आयोजक नाटक ठरवतात आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर राज्याच्या इतर भागाचे लक्ष या रंगभूमीकडे नव्याने गेले. त्याआधीही ती जोमात होती आणि मुख्यतः स्वतःच्या बळावर होती. अनुदानामुळे कलाकाराचे लक्ष प्रेक्षकावरून परीक्षकांकडे वळते आणि केवळ अनुदानासाठी नाटके उभी राहतात, असा या पक्षाचा आक्षेप आहे. व्यावसायिक नाटकांना प्रतवारीनुसार प्रति प्रयोग अनुदान देण्याच्या योजनेबाबत हा आक्षेप नाट्यव्यवसायाच्या आतूनही ऐकू येतो. मात्र झाडीपट्टीचा दाखला सरसकट लागू करता येत नाही. सुगीचा हंगाम, मंडईची परंपरा आणि पाहुण्यांना नाटकासाठी बोलावण्याची रीत या विशिष्ट परिस्थितीतून ती रंगभूमी उभी आहे, आणि तिच्यातील कलावंतांना आजारपणाचे वा म्हातारपणाचे संरक्षण तीही देत नाही.

तिसरी भूमिका स्वायत्ततेची. पैसा देणारा आशयावर हक्क सांगेल ही भीती मराठी साहित्यविश्वात जुनी आहे. १९९९ च्या मुंबई साहित्य संमेलनाच्या वेळी शासकीय अनुदान आणि लेखकाचे स्वातंत्र्य यांवरून मोठा जाहीर वाद झाला. संमेलन स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून ‘महाकोश’ उभारण्याची, म्हणजे लोकांकडून देणग्या घेऊन कायमनिधी जमवून त्याच्या व्याजावर संमेलन भरवण्याची कल्पना मांडली गेली. तिला मिळालेला प्रतिसाद तोकडा राहिला आणि संमेलनाचे शासकीय अनुदान मात्र वाढत दोन कोटींपर्यंत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार काही दिवसांतच शासनाने रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. शासनाने आशयासंबंधीच्या आक्षेपांचा हवाला दिला; अनेक लेखकांनी निषेध म्हणून शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. सार्वजनिक पैशाचा विनियोग लोकांनी निवडलेल्या सरकारलाच ठरवता आला पाहिजे, हा एक युक्तिवाद. तज्ज्ञांवर निवड सोपवल्यावर ती मोडता कामा नये, हा दुसरा. ब्रिटनमध्ये १९४६ साली केन्स यांच्या पुढाकाराने आर्ट्स कौन्सिल स्थापन करताना सरकारने रक्कम ठरवावी आणि वाटप स्वतंत्र मंडळाने करावे असा दंडक घातला गेला. भारतातील अकादम्यांची रचना कागदावर अशीच आहे, पण १९७२ ची खोसला समिती, १९९० चा हक्सर समितीचा अहवाल आणि २०१४ ची सेनगुप्ता समिती या तिन्ही टप्प्यांवर त्यांच्या कारभाराची नव्याने तपासणी करावी लागली, यावरून स्वायत्तता मिळाली म्हणून कारभार आपोआप सुधारतो असे म्हणता येत नाही.

चौथी भूमिका वाटपातील न्यायाची आहे, आणि चर्चेत तिला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळालेली नाही. बहुतेक अनुदाने नोंदणीकृत संस्थेला मिळतात. लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र, मागील तीन वर्षांचे हिशेब या अटी सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आवश्यक आहेत; त्याच अटींमुळे शहरातील जुनी संस्था सहज पात्र ठरते, आणि गावोगाव फिरणारा गोंधळी, वासुदेव, किंवा संगीत बारीत काम करणारी लावणी कलावंत कागदाअभावी बाहेर राहते. तमाशा आणि लावणी ज्या जातिसमूहांनी जगवली त्यांच्या वाट्याला प्रतिष्ठा उशिरा आली आणि पैसा त्याहून उशिरा. महोत्सवावर खर्च करावा की वर्षभराच्या सरावावर, हा प्रश्नही इथलाच. महोत्सव दिसतो, त्याचे उद्घाटन होते, म्हणून त्याला पैसा लवकर मिळतो.

इमारत आणि तिचा संसार

भांडवली खर्च, म्हणजे एकदाच करायचे बांधकाम, आणि महसुली खर्च, म्हणजे दरवर्षीची देखभाल व पगार, यांतील असमतोल हा सर्व पक्षांना मान्य असलेला दोष आहे. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरचे पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले, महापालिकेने ते चालवले, आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळाले. राज्याने तातडीने पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला आणि कलावंतांनी वास्तू मूळ रूपात उभी राहावी असा आग्रह धरला. बालगंधर्व रंगमंदिर पाडून नवे संकुल बांधण्याच्या प्रस्तावावर पुण्यात अनेक वर्षे मतभेद राहिले. पणजीला चार्ल्स कोरिया यांनी उभारलेल्या कला अकादमीच्या नूतनीकरणावरूनही असाच वाद पेटला. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. तिन्ही ठिकाणी बांधकामाच्या पैशाची चर्चा झाली. विद्युत यंत्रणेची वार्षिक तपासणी, वातानुकूलन, पडदे, स्वच्छतागृहे, प्रशिक्षित तंत्रज्ञ यांसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली दरवर्षी ठरलेली तरतूद असावी, ही मागणी मात्र मागे पडत राहिली. गोव्याने मडगाव, साखळी, कुडचडे येथे उभारलेली रवींद्र भवने स्वतंत्र संस्थांमार्फत चालवली जातात आणि त्यांना शासनाचे वार्षिक अनुदान असते. लहान शहरांतील नाट्यगृहांसाठी महाराष्ट्राने या रचनेचा बारकाईने अभ्यास करणे उपयुक्त ठरेल.

सुचवलेली साधने

स्थैर्य आणण्यासाठी आजवर पुढे आलेल्या उपायांत कायमनिधीचा क्रम पहिला लागतो. प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रे स्थापन करताना केंद्र व सदस्य राज्यांनी मिळून असा निधी ठेवला होता. व्याजावर चालणारी संस्था वार्षिक अर्थसंकल्पापासून मोकळी राहते, पण व्याजदर उतरले आणि खर्च चढले की तिला पुन्हा शासनाकडे यावेच लागते. दुसरा उपाय उपकराचा. कर्नाटक विधिमंडळाने २०२४ मध्ये चित्रपट व सांस्कृतिक कलावंतांच्या कल्याणासाठी चित्रपटाच्या तिकिटांवर आणि ओटीटी सदस्यत्वावर उपकर लावण्याचा कायदा केला. अमेरिकेतील डेन्व्हर महानगरात १९८८ मधील मतदारांच्या कौलाने विक्रीवर लावलेला एक दशांश टक्का कर कला व विज्ञान संस्थांकडे जातो, आणि हा कौल ठरावीक वर्षांनी पुन्हा घ्यावा लागतो. तिसरा उपाय कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला, वारसा व सार्वजनिक ग्रंथालये यांचा समावेश आहे, पण कंपनी तिच्या पसंतीच्या शहरात आणि नजरेत भरणाऱ्या कामावर खर्च करते, त्यामुळे हा पैसा पूरक ठरू शकतो, आधार नाही. चौथा उपाय तीन ते पाच वर्षांच्या अनुदान कराराचा आहे, ज्यात कामाचे निकष आणि दरवर्षीची रक्कम सुरुवातीलाच ठरते. नवा कर नको, नवा कायदा नको, आणि तरी संस्थेला पुढचे नियोजन करता येते, म्हणून उपलब्ध उपायांत हाच सर्वांत लवकर अमलात येण्याजोगा दिसतो.

आ. ह. साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावर आधारलेले राज्याचे सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये जाहीर झाले, आणि विनय सहस्रबुद्धे यांच्या समितीने तयार केलेल्या नव्या धोरणाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. धोरण दिशा दाखवते. वित्त विभागावर ते बंधन घालत नाही. पहिल्या धोरणातील किती शिफारशींना पैसा मिळाला याचा पद्धतशीर हिशेब मांडून दुसरे धोरण आले असते, तर चर्चेला अधिक बळकट पाया लाभला असता.

अनिर्णित मुद्दे

सर्वांत मोठा अनिर्णित मुद्दा पातळीचा आहे. स्थानिक कलेसाठी स्थानिक संस्थेने पैसा उभा करावा हे तत्त्वतः सर्वांना पटते, आणि नोंद ६२ मधील मुभा त्यासाठी उपलब्ध आहे. तमिळनाडूने २०१७ मध्ये स्थानिक संस्थांसाठी करमणूक कराचा कायदा केला तेव्हा वस्तू व सेवा करावर पुन्हा कर, म्हणून चित्रपटगृहांनी तीव्र विरोध केला होता. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे. त्याला हात न लावता मल्टिप्लेक्स, करमणूक उद्याने आणि मोठ्या संगीत मैफलींवर माफक कर लावून तो फक्त कलेसाठी राखून ठेवणे शक्य आहे का, याची आकडेवारीसह तपासणी व्हायला हवी. असा कर मुंबई-पुण्याला भरपूर आणि गडचिरोली-सिंधुदुर्गला जवळजवळ काहीच देणार नाही, म्हणून त्याच्या पुनर्वाटपाचे सूत्रही लागेल. दर पाच वर्षांनी नेमला जाणारा राज्य वित्त आयोग हे सूत्र ठरवण्याची घटनात्मक जागा आहे, आणि कलाक्षेत्रातील संघटनांनी आपली निवेदने मंत्र्यांइतकीच या आयोगाकडेही नेणे गरजेचे आहे.

मूल्यमापनाचा प्रश्नही सुटलेला नाही. प्रेक्षकसंख्या मोजली तर बोहाडा किंवा चित्रकथी नेहमीच हरणार. तज्ज्ञांचे मत घेतले तर तज्ज्ञ कोण, हा वाद उभा राहणार. काहीच मोजले नाही तर लेखापरीक्षक विचारणार. त्यातच हयात कलावंतांची जिल्हावार, कलावार आणि दरवर्षी अद्ययावत होणारी विश्वासार्ह नोंद तयार झाल्याशिवाय कोणतेही सूत्र लावायला आकडाच हाताशी नसेल. ही नोंद सांस्कृतिक कार्य विभागाने करायची, ग्रामपंचायतींनी करायची की विद्यापीठांच्या लोककला विभागांवर सोपवायची, आणि तिच्यात नाव येण्यासाठी कोणता पुरावा पुरेसा धरायचा, यावर अजून एकमत झालेले नाही.